वहाळाच्या तोंडाशी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या पुळणीवर उभं राहिलं की कुणीही म्हणेल, पाणी कसं आरशासारखं आहे! मी याच पाण्याचे नमुने घेते, आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबणं केव्हाच सोडलं आहे.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची. आत एक बुडबुडाही राहता कामा नये. मग तिथंच, होडीत बसून, दोन रसायनं सोडायची. तपकिरी साका धरला की जीव भांड्यात पडतो. पांढराच राहिला, तर त्या पाण्यात मासा जगायचा नाही. एकदा खाडीत वरच्या अंगाला तो जेमतेम पिवळसर झाला. होडीवाले काका बाटलीकडे बघत म्हणाले, "हल्ली बोय मासा हितं गावत नाय." त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

पोहण्याच्या आणि मासेमारीच्या किनाऱ्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा: लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन, आणि 100 मिलिलिटर पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म जंतू 100 च्या आत. केंद्र सरकार 1991 पासून देशाच्या किनाऱ्याचं पाणी तपासत आलं आहे. पण त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. गावागावातला वहाळ, म्हणजे समुद्राला मिळणारा ओढा, आपणच बघायचा.

आणि तो ओहोटीला बघायचा. भरतीला येतं ते खुल्या समुद्राचं पाणी. ओहोटीला उतरतं ते आपल्या दारातलं. वाळूत खणलेले शोषखड्डे पावसाळ्यात खालून पाण्यानं भरतात, आणि मैला न गाळताच वहाळाला लागतो. त्याच तोंडाशी आपण तिसऱ्या नि कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढतो. हे जीव पाणी गाळून खातात, पाण्यातले जंतू त्यांच्या अंगात साठतात. म्हणून शौचालयाची टाकी मे महिन्यातच उपसून घ्या, आणि मुसळधार पावसानंतर चार दिवस तिथल्या तिसऱ्या घरी आणू नका. हे मी कळकळीनं सांगते आहे. आमच्याही घरात त्या आवडीनं खातात.

नमुन्यांची तुलना व्हायची तर जागा तीच हवी आणि तिथीही तीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे घरच्या म्हाताऱ्यांनी शिकवलेलं गणित इथं उपयोगी पडतं. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. येत्या अष्टमीला दुपारी मी वहाळाच्या तोंडाशी असेन. शाळेतली तीन मुलं बर्फाचा डबा घेऊन येतात. वेळा लिहून ठेवायला आणखी कुणीतरी हवं आहे.