सिनेटचा सर्वांत मोठा नेता कोण? माझं मत मॅन्सफील्ड यांना

नमस्कार मंडळी. अमेरिकेचे मोठे अध्यक्ष कोण, असं विचारलं तर लिंकन, रूझवेल्ट ही नावं कुणीही सांगेल. पण तिथला मोठा संसदीय नेता कोण? अध्यक्षपदामुळे नव्हे, तर सभागृह चालवण्यामुळे मोठा ठरलेला? जाणकारांना विचारा, बहुतेक जण सिनेटचे नेते असलेल्या आणि पुढे अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचं नाव घेतील. मला आज त्याच नावाशी वाद घालायचा आहे. माझ्या मते हा मान जॉन्सन यांच्यानंतर त्या खुर्चीत आलेल्या माइक मॅन्सफील्ड यांचा आहे. मोंटानाचे डेमोक्रॅटिक सिनेटर, १९६१ ते १९७७, सलग सोळा वर्षं सिनेटमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातल्या, बहुमताचे नेते.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला आणि आमदाराने किंवा खासदाराने तो मोडला, तर पक्षांतरबंदी कायद्याखाली पद जाऊ शकतं. अमेरिकेत तसं काही नाही. तिथला सिनेटर आपल्याच नेत्याच्या विरोधात मत देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसतो. म्हणजे नेत्याच्या हातात हुकूम नसतो. मग तो करतो काय?

जॉन्सन काय करायचे ते प्रसिद्धच आहे. कुणाला कोणती समिती हवी आहे, कुणाच्या राज्यातलं धरण अडलंय, कोण कुणावर नाराज आहे, सगळं तोंडपाठ. समोरच्याच्या अंगावर वाकून, कोटाची कॉलर धरून बोलायचे. समोरचा मागे सरत भिंतीला टेकेपर्यंत हे सोडायचे नाहीत. याच जोरावर त्यांनी १९५७ साली नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला. १८७५ नंतरचा तो पहिलाच, हे श्रेय मोठंच आहे. पण वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या सिनेटरांनी तो अडवू नये म्हणून त्यातली धारदार कलमं आधीच काढून टाकलेली होती.

मॅन्सफील्ड म्हणजे अगदी दुसरं टोक. चौदाव्या वर्षी वय खोटं सांगून नौदलात गेलेला मुलगा, मग ब्यूटच्या तांब्याच्या खाणीतला कामगार, पुढे इतिहासाचा प्राध्यापक. मितभाषी. नेता झाल्यावर त्यांनी सांगितलं की इथे सगळे सिनेटर समान, कुणाचा हात मी पिरगाळणार नाही. १९६३ मध्ये त्यांच्याच पक्षाचे टॉमस डॉड भर सभागृहात म्हणाले की हे नेतृत्व कमकुवत आहे. मॅन्सफील्ड यांनी उत्तराचं भाषण लिहून ठेवलं. आपण सर्कशीचे रिंगमास्टर नाही आणि सिंहांना माणसाळवणारेही नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. भाषणाचा दिवस ठरला २२ नोव्हेंबर. त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. भाषण न वाचताच कामकाजाच्या नोंदीत गेलं. सिनेटच्या जुन्या सभागृहात उभं राहून ते वाचायची वेळ आली १९९८ साली, मॅन्सफील्ड पंचाण्णव वर्षांचे असताना.

आता १९६४ कडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

हॉटेलं, दुकानं, नोकऱ्या यांतला वर्णभेद बंद करणारं विधेयक १० फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं आणि सिनेटकडे आलं. तिथे पहिलाच खड्डा न्याय समितीचा. अध्यक्ष कोण, तर मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड. अशी विधेयकं त्यांच्याकडे गेली की परत येत नसत. मॅन्सफील्ड यांनी नियमांचा आधार घेऊन विधेयक समितीकडे न पाठवता थेट सभागृहापुढे ठेवलं. इथे त्यांनी कुणाचीही मनधरणी केली नाही.

दुसरा अडथळा फिलिबस्टर. सिनेटर बोलायला उभा राहिला आणि बोलतच राहिला, तर त्याला थांबवायला तेव्हा दोन तृतीयांश मतं लागायची. सगळे शंभर हजर असतील तर ६७. नागरी हक्कांच्या विधेयकावर तेवढी मतं तोवर एकदाही जमली नव्हती. जॉन्सन यांनी १९६० मध्ये रात्रंदिवस कामकाज लावून पाहिलं, झोपायला खाटा मांडल्या. पण त्यात गोम अशी, की विरोधकांना सभागृहात एक-दोन माणसं पुरतात. त्यांच्यातला एक जण पहाटे तीनला कोरम, म्हणजे किमान हजेरी, मागतो आणि विधेयकाच्या बाजूच्या एक्कावन्न जणांना डोळे चोळत धावत यावं लागतं. दमतात ते कायदा करू पाहणारे. अडवणारे आळीपाळीने झोप काढून ताजेतवाने!

मॅन्सफील्ड यांनी हा प्रकार नाकारला. आता अध्यक्ष झालेले जॉन्सन व्हाइट हाउसमधून घाई करत होते, तरी नाकारला. शेवटची रात्र सोडली तर सिनेट माणसांच्या वेळेला सुरू आणि माणसांच्या वेळेला बंद. दक्षिणेच्या गटाचे नेते रिचर्ड रसेल यांना जे बोलायचं ते बोलू दिलं. दरम्यान ह्यूबर्ट हम्फ्री आपल्या बाजूची हजेरी सांभाळत होते. लागणारी रिपब्लिकन मतं विरोधी नेते एव्हरेट डर्कसन यांच्याकडे होती, म्हणून वाटाघाटीच्या बैठका डर्कसन यांच्याच कार्यालयात. पत्रकार तिकडे, कॅमेरे तिकडे. स्वपक्षातले काही कुरकुरले, पण मॅन्सफील्ड यांनी श्रेयाचा हिशेब मांडलाच नाही. मला हे सगळ्यांत अवघड वाटतं.

१० जूनला सकाळी विरोधी गटातल्या रॉबर्ट बर्ड यांचं चौदा तासांचं भाषण संपलं आणि चर्चा थांबवायची का, यावर मतदान झालं. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकाच्या खुर्चीत बसून आले होते. त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांनी बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळाही 'आय' आणि होकारही 'आय'. ७१ विरुद्ध २९. डेमोक्रॅट ४४, रिपब्लिकन २७. त्यानंतर १९ जूनला विधेयक ७३ विरुद्ध २७ असं मंजूर झालं.

कायदा सभागृहाने एकट्याने केला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर वर्णभेदाविरुद्ध मोर्चे काढून पोलिसांचे पाण्याचे फवारे आणि कुत्रे अंगावर घेतलेल्या मुलांनी तो सभागृहाच्या दारापर्यंत आणला होता. जॉन्सन यांचा अध्यक्ष म्हणून रेटाही खरा. पण पुढे काय झालं ते बघा. हरलेल्या रसेल यांनी जॉर्जियाच्या लोकांना जाहीरपणे सांगितलं की आता हा कायदा आहे, तो पाळायचा. ज्याला पूर्ण बोलू दिलं होतं, त्याला निकाल नाकारायला जागाच उरली नव्हती. माझ्या लेखी नेत्याचं माप इथे घ्यायचं.

मॅन्सफील्ड यांच्या खात्यावर मोठा डागही आहे. दोनच महिन्यांनी, ७ ऑगस्टला, टोंकिनच्या आखाताचा ठराव आला. व्हिएतनाममध्ये अध्यक्षांना मोकळं रान देणारा. मॅन्सफील्ड जॉन्सन यांना खासगी टिपणांतून या युद्धाबद्दल सावध करत होते. तरीही त्यांच्याच सभागृहात तो ८८ विरुद्ध २ असा झटपट मंजूर झाला. वर्णभेदाच्या विधेयकाला महिनोन्महिने दिले, युद्धाच्या ठरावाला पुरेसा वेळही दिला नाही. हे मी सहज माफ करू शकत नाही.

तरी माझं मत त्यांनाच, आणि त्याला १९७३ चं एक कारण आहे. वॉटरगेटची, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात केलेल्या घरफोडीच्या प्रकरणाची, चौकशी करायची होती. मॅन्सफील्ड यांनी समितीच्या अध्यक्षपदासाठी निवडले नॉर्थ कॅरोलिनाचे सॅम एर्विन, १९६४ साली त्या विधेयकाविरुद्ध लढलेल्या दक्षिणी गटातले. राज्यघटनेचे गाढे अभ्यासक, देशाचा अध्यक्ष व्हायची महत्त्वाकांक्षा नाही, दोन्ही पक्ष ज्यांचं ऐकतील असे. समिती नेमण्याच्या ठरावावर सिनेटमध्ये मतं पडली ७७ विरुद्ध शून्य.