उटोयाहून क्राइस्टचर्चला, तिथून परत ओस्लोला

मंडळी, २२ जुलै २०११ रोजी दुपारी नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लोमध्ये, सरकारी कचेऱ्यांसमोर गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला आणि आठ माणसे गेली. बॉम्ब ठेवणारा तोवर पोलिसाचा गणवेश घालून उटोया बेटाकडे निघाला होता. तिथे मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर भरले होते. त्या बेटावर ६९ जणांचा जीव गेला. त्यांत शाळकरी वयाची कितीतरी मुले होती. हा पक्ष मुसलमान स्थलांतरितांना देशात येऊ देतो, म्हणून त्याची पुढची पिढीच संपवायची, असा त्याचा हिशेब होता.

न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी २०१९ मध्ये त्यांच्या देशातल्या हल्लेखोराचे नाव उच्चारायचे नाही असे ठरवले. आज मीही कोणत्याच हल्लेखोराचे नाव घेणार नाही.

नॉर्वेत तेव्हा अनेकांनी म्हटले, हा एकटा माथेफिरू. डोके ठिकाणावर असलेला माणूस असे करील, हे पटणेच कठीण होते. पण ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने तो पूर्ण भानावर होता, असा निर्वाळा दिला. कृत्य त्याने एकट्याने केले हे खरे. तयारीकडे पाहिले तर मात्र नॉर्वेची हद्द कुठेच आड येताना दिसत नाही. बंदुका मिळवायला तो आधी प्रागला जाऊन आला. तिथे जमले नाही, तेव्हा त्याने त्या नॉर्वेतच रीतसर परवान्याने घेतल्या. काही रसायने पोलंडमधल्या दुकानातून मागवली. त्या खरेदीमुळे त्याचे नाव नॉर्वेच्या सुरक्षा यंत्रणेपर्यंत पोहोचले होते, आणि त्यावर वेळेत हालचाल झाली नाही, असा ठपका चौकशी आयोगाने पुढे ठेवला. स्वतःसाठी एक बिल्ला त्याने आपल्या वाराणसीतून बनवून घेतला. तो करणारा कारागीर मुसलमान होता, आणि बिल्ला कशासाठी हवा आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती.

हल्ल्यापूर्वी त्याने सुमारे दीड हजार पानांचा मजकूर हजाराहून अधिक पत्त्यांवर ईमेलने पाठवला. स्वतःला नॉर्वेचा रक्षक म्हणवणाऱ्या या माणसाने तो इंग्रजीत लिहिला होता, नावाला इंग्रजी वळण देऊन आणि खाली लंडन असे टाकून. बराचसा भाग इतरांच्या लिखाणातून उचललेला. वाचक जगभरचा हवा होता, आणि तो मिळाला.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. मारेकरी ऑस्ट्रेलियाचा. उटोयाच्या हल्लेखोरापासून प्रेरणा घेतल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले होते आणि हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवले होते. पाचच महिन्यांनी, १० ऑगस्टला, ओस्लोलगतच्या बेरूममध्ये एका नॉर्वेजियन तरुणाने आधी आपल्या सतरा वर्षांच्या सावत्र बहिणीला ठार मारले. तिला लहानपणी चीनमधून दत्तक आणले होते. मग शिरस्त्राणावर कॅमेरा लावून, बंदुका घेऊन तो मशिदीत शिरला. दुसऱ्या दिवशी ईद होती. आत त्या वेळी तिघेच होते. त्यांतल्या पासष्ट वर्षांच्या, पाकिस्तानी हवाई दलातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी त्याला पकडून खाली पाडले, म्हणून तिथे कोणाचा जीव गेला नाही. हा तरुण क्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याला संत मानत होता. उटोयावरून निघालेले विष आठ वर्षांत अर्धी पृथ्वी फिरून पुन्हा ओस्लोच्या दाराशी आले ते असे. यांतले कोणी एकमेकांना भेटलेही नव्हते.

भेटीगाठींवर चालणारी जुनी पद्धतही संपलेली नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या नॉर्डिक रेझिस्टन्स मूव्हमेंट या नवनाझी संघटनेने शेजारच्या देशांतही शाखा काढल्या. २०१६ च्या शेवटी आणि २०१७ च्या सुरुवातीला स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये डाव्यांच्या एका पुस्तक-कॅफेला आणि निर्वासितांच्या निवाऱ्याला लक्ष्य करून स्फोट झाले. निवाऱ्यात काम करणारा एक जण गंभीर जखमी झाला. दोषी ठरलेले तिघे या संघटनेच्या वर्तुळातले होते, आणि त्यांतल्या दोघांनी स्फोटांपूर्वी सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियन इम्पीरियल मूव्हमेंट या कडव्या उजव्या संघटनेच्या छावणीत लष्करी धाटणीचे प्रशिक्षण घेतले होते.

बंदी घाला, असे आपण सहज म्हणू. फिनलंडने घातली. २०१६ मध्ये हेलसिंकी स्थानकासमोर या संघटनेच्या कार्यकर्त्याने मारहाण केलेला एक तरुण काही दिवसांनी दगावला. त्यानंतर खटला उभा राहिला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. तरी जून २०२४ मध्ये औलूच्या व्यापारी संकुलात परदेशी वंशाच्या मुलावर सुऱ्याने हल्ला करणारा याच संघटनेत वावरलेला निघाला. बंदी चूक होती असे मी म्हणत नाही. संघटित ताकद मोडलीच पाहिजे. पण कायदा संघटना मोडतो, तिच्यात घडलेली माणसे उरतात, आणि त्यांच्यापर्यंत कोणीतरी जावे लागते.

हे काम याच देशांनी आधी हाती घेतले होते, हे मला फार मोलाचे वाटते. नवनाझी टोळ्यांत गेलेल्या पोरांना बाहेर काढण्यासाठी ‘एक्झिट’ नावाचा उपक्रम नव्वदच्या दशकात नॉर्वेत सुरू झाला. त्यात पालकांना हाताशी धरले गेले. १९९८ मध्ये तो स्वीडनमध्ये गेला आणि तिथे स्वतः टोळीतून बाहेर पडलेली माणसे पुढच्यांचा हात धरू लागली. २००० मध्ये तो जर्मनीत पोहोचला. तिथे तो उभा करणाऱ्यांत एक पूर्वाश्रमीचा पोलीस अधिकारी होता आणि दुसरा एकेकाळचा नवनाझी पुढारी.