लहान मुलांची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, औषधखिडकीमागे बसणाऱ्या माझ्यासारख्या फार्मासिस्टला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बहुतेक वेळा विचारणारी आजी असते, कारण आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या कितीतरी मुलांना आजीच सांभाळते. दिवसभर विड्या वळायच्या आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला नातवाचं औषध न्यायचं, असा तिचा क्रम. गोळीचा रंग बदलला, डबी बदलली, की ती खिडकीतून वाकून विचारते, "सायेब, हे नवीन काय? आमच्या पोरावर प्रयोग तर करत नाहीत ना?"

मला हा प्रश्न कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. उलट अनेक शिकलेल्या लोकांनी तो विचारायला हवा. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. उत्तर एका वाक्यात मावणारं नाही, म्हणून थोडा वळसा घ्यावा लागेल.

आधी हे बघू, की एचआयव्हीला एक औषध का पुरत नाही. हा विषाणू शरीरात रोज प्रचंड संख्येने स्वतःच्या प्रती काढतो आणि त्या काढताना सतत चुका करतो. त्या चुकांमधूनच एखादी प्रत अशी निघते, की चालू औषध तिच्यावर चालत नाही. मग तीच वाढते, बाकीच्या मरतात, आणि काही महिन्यांत औषध निकामी होतं. पण तीन औषधं एकत्र दिली, तर तिन्ही चुकवणारी प्रत एकदम तयार होणं फार अवघड. म्हणून संयुक्त उपचार. मोठ्या माणसांत हे १९९६ च्या सुमारास पक्कं झालं. मुलांमध्येही तेच दिसत होतं. अमेरिकेत झालेल्या औषधांच्या एका मोठ्या चाचणीत झिडोव्हुडीन हे एकच औषध घेणारी मुलं मागे पडत होती. १९९५ मध्ये तो गट मध्येच बंद करावा लागला.

हेच झिडोव्हुडीन मोठ्यांसाठी मंजूर झालं १९८७ मध्ये, मुलांसाठी १९९० मध्ये. आपल्या देशात सरकारी दवाखान्यात मोठ्यांना मोफत एआरटी सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये. मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला नोव्हेंबर २००६ मध्ये. आज ज्याच्यावर सगळी भिस्त आहे ते डोल्युटेग्राविर अमेरिकेत मोठ्यांना मिळालं २०१३ मध्ये, आणि चार आठवड्यांच्या बाळापासून पुढे देता येईल अशी त्याची पाण्यात विरघळणारी गोळी मंजूर झाली २०२० मध्ये. सात वर्षं. बाळाच्या हिशोबात सात वर्षं म्हणजे पहिली-दुसरीचा वर्ग.

मग या मधल्या काळात मुलांना काय दिलं जायचं? मोठ्यांची गोळी मोडून. ब्लेडने, सुरीने, दातांनीसुद्धा. मोठ्याचा सदरा कापून पोराला बेतता येतो, औषध बेतता येत नाही. त्याचं कारण नीट सांगतो, कारण सगळ्या विषयाचं मूळ तिथंच आहे.

त्या काळी मोठ्यांसाठी एक तीन-औषधी गोळी होती. तिच्यात स्टॅव्हुडीन ३० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन १५० आणि नेव्हिरापीन २०० मिलिग्रॅम. तिचा पाचवा हिस्सा काढला, तर सहा, तीस आणि चाळीस. सरळ गणित. पण लहान मुलाचं यकृत नेव्हिरापीन मोठ्या माणसापेक्षा भराभर निकालात काढतं. त्यामुळे वजनाच्या मानाने त्याला ते जास्त लागतं. आफ्रिकेत मलावीमध्ये मोडलेल्या गोळ्यांवरच्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा लहानग्यांच्या रक्तात नेव्हिरापीन हवं त्यापेक्षा कमी सापडलं. औषध कमी पडलं की विषाणूला शिकायला आयतीच शाळा मिळते. मग आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने खास मुलांसाठी गोळी काढली. तिच्यात स्टॅव्हुडीन सहा, लॅमिव्हुडीन तीस आणि नेव्हिरापीन पन्नास. चाळीस नाही, पन्नास. झांबियात ही गोळी मुलांना देऊन, ठरावीक तासांनी रक्त घेऊन, ती योग्य पडते का हे तपासलं गेलं. दहा मिलिग्रॅमचा तेवढा फरक, पण तो कागदावर गणित करून कधीच सापडला नसता. (त्यातलं स्टॅव्हुडीन पुढे दुष्परिणामांमुळे मागे पडलं, ती वेगळी कथा.)

आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. न तपासलेलं औषध अंदाजाने देणं, हाच खरा प्रयोग. फरक एवढाच की त्यात कोणी नोंद ठेवत नाही, पोराचं काही बिघडलं तर कोणी जबाबदार नसतो, आणि पुढच्या पोराला त्यातून काहीच मिळत नाही.

आता चवीबद्दल. तुम्ही म्हणाल, जिवावरच्या आजारात चवीचं काय घेऊन बसलात? पण ज्याने वर्षाच्या मुलाला दिवसातून दोनदा, रोज, कडू औषध पाजलंय त्याला विचारा. लोपिनाविर-रिटोनाविर नावाचं एक पातळ औषध होतं. त्यात बेचाळीस टक्के अल्कोहोल, चव जीभ जाळणारी, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना पत्र्याच्या खोलीत ही बाटली कुठं ठेवणार? शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवली, तर शेजारीण विचारणार, हे कशाचं औषध?

त्याच्या तुलनेत नेव्हिरापीन स्वस्त, सोपं, पाजायला बरं. सगळ्यांनाच वाटत होतं की तेच पुरावं. म्हणून आफ्रिकेतल्या काही देशांत आणि भारतात तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये दोन्हींची समोरासमोर चाचणी झाली. निकाल आला २०१२ मध्ये. चोवीस आठवड्यांच्या आत उपचार फसला किंवा औषध थांबवावं लागलं, अशी मुलं नेव्हिरापीनच्या बाजूला शंभरात एकेचाळीस, कडू औषधाच्या बाजूला एकोणीस. सगळ्यांना नकोसं असलेलं औषध जिंकलं. चाचणी नसती, तर आपण प्रेमापोटी मुलांना चुकीचं औषध देत राहिलो असतो.

दुसरी चाचणी दक्षिण आफ्रिकेतली, केप टाऊन आणि सोवेटोची. तिच्याबद्दल बोलताना मला आजही जड जातं. प्रश्न साधा होता. सहा ते बारा आठवड्यांचं बाळ, एचआयव्ही आहे, पण अंगावर धष्टपुष्ट आहे. त्याला लगेच औषधं सुरू करायची, की तब्येत किंवा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ढासळेपर्यंत थांबायचं? त्या वेळचा जगाचा नियम थांबण्याचा होता, आणि त्यालाही कारण होतं. इतक्या लहान जीवाला आयुष्यभराची कडक औषधं, तीही मोजकीच उपलब्ध. १२५ बाळं थांबण्याच्या गटात होती, २५२ लगेच औषध देण्याच्या. थांबलेल्यांपैकी वीस दगावली, म्हणजे सोळा टक्के. दुसऱ्या गटात दहा, म्हणजे चार टक्के. चाचणीवर नजर ठेवणारी एक स्वतंत्र समिती असते. डॉक्टरांना आणि पालकांना आकडे कळत नाहीत, त्या समितीला कळतात. २००७ मध्ये तिने सांगितलं, आता बास, थांबलेल्या सगळ्या बाळांना तपासून त्यांना औषध सुरू करायचं का ते ठरवा. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नियम बदलला. एक वर्षाखालच्या प्रत्येक बाधित बाळाला, निदान झालं की लगेच औषध.

ती वीस बाळं माझ्या मनातून जात नाहीत. कोणी म्हणेल, त्यांचा बळी दिला. मी तसं म्हणणार नाही, कारण चाचणीबाहेर जगभर हजारो बाळांना नियमानुसारच थांबवून ठेवलं जात होतं, आणि ती कोणी मोजतही नव्हतं. पण म्हणून हिशोब मिटला असंही मला म्हणवत नाही. आज सोलापुरात दीड महिन्याच्या बाळाचं रक्त टाचेतून घेऊन तपासणीला पाठवतात आणि बाधित निघालं तर औषध थांबवून ठेवत नाहीत, त्यामागे ती आहेत.

आजींच्या संशयाला आधार नाही, असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये पालकगृहात ठेवलेल्या, म्हणजे आईबापांपासून दूर सरकारच्या ताब्यात असलेल्या मुलांना एचआयव्ही औषधांच्या चाचण्यांत घेतल्यावरून मोठं वादळ उठलं. पुढे स्वतंत्र चौकशी झाली. तिचा अहवाल २००९ मध्ये आला. अशी ५३२ मुलं निघाली. चाचणीतल्या औषधांमुळे थेट कोणी दगावल्याचं आढळलं नाही. पण संमतीची कागदपत्रं कुठं अपुरी, कुठं सापडेनाशी, शहराचे स्वतःचेच नियम कुठं बाजूला ठेवलेले. बहुतेक मुलं काळ्या आणि लॅटिन घरांतली. ज्याच्या मागे भांडायला माणूस नाही, त्याच्या वतीने सही करणारा हात कोणाचा, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला 'पालवी'सारख्या संस्थेत एचआयव्हीसह जगणारी मुलं वाढताहेत, शिकताहेत. आईबाप नसलेल्या मुलाला चाचणीत घ्यायचं का, या प्रश्नावर फार वरच्या दर्जाची राखण हवी.

कायदा आपल्याकडे आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा सांगतो की माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही, उपचार नाही आणि संशोधनही नाही. आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वं त्याच्याही पुढे जातात. सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा स्वतःचा होकार घ्यायचा. पालकांनी सही केली तरी.

इथं घराघरात पंचाईत होते. होकार घ्यायचा तर मुलाला आजार काय हे माहीत हवं. आणि आपल्याकडे दहा-दहा वर्षांच्या मुलांना सांगितलेलं असतं, "ही रक्त वाढायची गोळी आहे." सोलापूरच्या अशोक चौकात तेलुगूत सांगतात, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये, गोष्ट तीच. मुलं फसत नाहीत. डबीवरचं नाव मोबाइलवर शोधतात आणि घरात कोणालाच सांगत नाहीत. मुलाला टप्प्याटप्प्याने खरं कसं सांगायचं, हे एआरटी सेंटरचे समुपदेशक शिकवतात. चाचणीचा प्रश्न येईपर्यंत कशाला थांबायचं?

अलीकडची चांगली बातमी देतो. डोल्युटेग्राविरची तुलना जुन्या औषधांशी करणारी चाचणी युगांडा, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोपात झाली, ७०७ मुलांवर. ९६ आठवड्यांत उपचार फसण्याचं प्रमाण जुन्या औषधांत बावीस टक्के, नव्यात चौदा. त्याच कामातून हेही कळलं की वीस किलोच्या मुलाला मोठ्यांचीच पन्नास मिलिग्रॅमची गोळी चालते. म्हणजे कधी मोडायची नाही हे चाचणीनेच शिकवलं, आणि कधी अख्खी द्यायची हेही तिनेच. वीस किलोच्या खाली दहा मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी. ती बनवणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स कंपनी आहे. किमतीचा करार झाल्यावर एका मुलाचा वर्षाचा खर्च पुष्कळ खाली आला. फ्रिज लागत नाही. शेजारणीला काही सांगावं लागत नाही.

तर आजी, तुमच्या डबीचा रंग बदलला, याचा अर्थ तुमच्या नातवावर चाचणी चालू आहे असा नाही. ती चाचणी झाली, दुसऱ्यांच्या मुलांनी दिली, म्हणून ही गोळी आली.

आणि खरोखरच कधी कोणी तुमच्या मुलासाठी चाचणीचा कागद पुढे केला, तर त्याच दिवशी सही करू नका. तो कागद तुमच्या भाषेत मागा, एक प्रत घरी न्या, वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. नाही म्हटलं तर चालू औषध बंद होईल का, हे तोंडावर विचारा. उत्तर "नाही होणार" असंच असलं पाहिजे. मधूनच बाहेर पडता येईल का, मुलाला काही इजा झाली तर खर्च कोण करणार, चाचणी संपल्यावर चांगलं ठरलेलं औषध मिळत राहील का, हेही विचारा. देशातली औषधांची चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवलेली असावी लागते. तो नोंदणी क्रमांक आणि चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीचा संपर्क कागदावर शोधा. सापडला नाही तर कागद परत करा. आणखी काही शंका असेल, तर नाकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. फोन करणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही.

नमस्कार.