हो म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी. आज मी बोलणार आहे आमच्या मंगळवारच्या क्लासबद्दल. न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या एका पब्लिक लायब्ररीत मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, तिथं दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दहा-बारा जण जमतात, बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, मुलगा किंवा मुलगी इथं असल्यामुळे ग्रीन कार्डावर आलेले, आणि आता पाच वर्षं झाली म्हणून सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. मराठी असतात, गुजराती, तेलुगू, पंजाबी पण असतात. मी त्यांना इंग्रजी शिकवते आणि इंग्रजीतून नागरिकशास्त्र शिकवते. पगार नाही, व्हॉलंटियर काम आहे, पण आठवड्यातला हा एक दिवस मी कुणाला देत नाही.

आता नागरिकशास्त्र म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी असलेले ते चार-पाच धडे, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचे, जमलं तर जमलं. त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी तेच मागतो, मॅडम, प्रश्न-उत्तरांचा कागद द्या, आम्ही पाठ करतो. आणि कागद आहेच, सरकारनेच छापलाय. पूर्वी त्यात १०० प्रश्न होते, त्यातले १० विचारायचे आणि ६ आले की पास. आता २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे ज्यांनी अर्ज केलाय त्यांच्यासाठी १२८ प्रश्न आहेत, त्यातले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. आपल्या लोकांना पाठांतराची भीती नाही, ज्या बाईला अख्खा हरिपाठ येतो तिला १२८ उत्तरं म्हणजे काय मोठं.

पण माझी माणसं अडकतात ती तिथं नाही, ती अडकतात "हो" म्हणताना.

सांगते काय होतं ते. इंटरव्ह्यूला गेलं की ऑफिसर पहिल्यांदा उजवा हात वर करायला सांगतो, खरं बोलेन अशी शपथ घ्यायची, आणि तिथून पुढचं प्रत्येक वाक्य शपथेवरचं. मग तो अर्जातले प्रश्न एकेक करून विचारतो, आणि त्यातले कितीतरी "हॅव यू एव्हर" ने सुरू होतात, म्हणजे तुम्ही कधी अमुक केलंय का. तुमचं इंग्रजी बोलणं कसं आहे हे ऑफिसर ह्या गप्पांतूनच ठरवतो, त्याचा वेगळा पेपर नसतो. तर एक आजी होत्या, सोलापूरकडच्या, १२८ च्या १२८ पाठ, मी क्लासमध्ये ऑफिसर झाले आणि विचारलं, हॅव यू एव्हर क्लेम्ड टू बी अ यूएस सिटिझन? आजी गोड हसल्या आणि म्हणाल्या, येस सर. त्यांना फक्त "सिटिझन" ऐकू आलं होतं. म्हणजे नागरिक नसताना मी नागरिक आहे असं खोटं सांगितलंय, हे त्यांनी हसत हसत कबूल केलं. खऱ्या टेबलावर हे बोलल्या असत्या तर केवढ्याला पडलं असतं!

ह्यात आजींची चूक नाही हो. आपल्याकडे साहेबासमोर बसलं की मान हलवायची, हो हो करायचं, तीच रीत आहे, त्यालाच अदब म्हणतात. तहसीलदाराच्या ऑफिसात साठ वर्षं ज्यांनी असंच काम करून घेतलं त्यांना मी एका दिवसात कसं सांगू की इथं न कळता हो म्हणणं धोक्याचं आहे. म्हणून माझ्या क्लासचा पहिला धडा वॉशिंग्टन नाही आणि झेंड्यावरचे तारेही नाहीत. पहिला धडा तीन वाक्यांचा. प्लीज रिपीट द क्वेश्चन. आय डोन्ट अंडरस्टँड धिस वर्ड. प्लीज स्पीक स्लोली. ही तीन वाक्यं न लाजता, ऑफिसरच्या डोळ्यात बघून म्हणायची, महिनाभर रोज म्हणायची. पुन्हा विचारा असं म्हटल्याने मार्क जात नाहीत, ऑफिसर वेगळ्या शब्दांत विचारतो सुद्धा. पण हे पटायला वेळ लागतो, एक काका तर मला म्हणाले, साहेबाला परत विचारायचं म्हणजे उद्धटपणा नाही का वाटणार?

दुसरी अडचण शब्दांची. आणि गंमत बघा, अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात. "काँग्रेस" म्हटलं की आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना पक्ष आठवतो, इथं काँग्रेस म्हणजे संसद, मग काँग्रेस कायदे करते म्हणजे नक्की कोण करतं ह्यावरच पंधरा मिनिटं जातात. "सिनेट" म्हणजे त्या संसदेचं एक सभागृह, पण एका निवृत्त प्राध्यापकांना विद्यापीठाची सिनेट आठवली. आणि सगळ्यात घोळ "प्रेसिडेंट" चा, कारण आपण मनातल्या मनात त्याचं राष्ट्रपती करतो, आणि राष्ट्रपती म्हटलं की मन लगेच म्हणतं, मग खरा कारभार पंतप्रधान बघत असतील. इथं पंतप्रधान नाहीतच. आपली वर्तमानपत्रं अमेरिकेच्या बाबतीत राष्ट्राध्यक्ष लिहितात ते मला फार योग्य वाटतं, मीही बोर्डावर तोच शब्द लिहिते, एक शब्द बदलला की डोक्यातलं सगळं चित्र सरळ होतं.

वहीचं पण सांगते. सगळे जण इंग्रजी उत्तरं देवनागरीत लिहून घेतात, "द कॉन्स्टिट्यूशन", "चेक्स अँड बॅलन्सेस" असं. काही शिक्षक त्याला सक्त मनाई करतात, मी नाही करत, कारण बोलायला त्याचा फार उपयोग होतो. पण परीक्षेत एक वाक्य इंग्रजीत वाचावं लागतं आणि ऑफिसर सांगेल ते एक लिहावं लागतं, दोन्हीला तीन-तीन संधी असतात, आणि आजकाल हे टॅबलेटवर असतं. म्हणून आमच्या वहीत डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर इंग्रजी, आणि दोन महिन्यांनी डावं पान पिन मारून बंद करायचं. टॅबलेटवर लिहायचा हात बसावा म्हणून नातवंडांचा टॅबलेट मागून घ्यायचा, हा आमचा होमवर्क.

आता मला ज्या काकूंबद्दल सांगायचंय त्यांच्याकडे येते. वय ६७, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माजी सरपंच. शाळा सातवीपर्यंत. पहिले तीन क्लास शेवटच्या खुर्चीवर, तोंडातून शब्द नाही. चौथ्या क्लासला प्रश्न होता, सरकारची एकच शाखा फार ताकदवान होऊ नये म्हणून काय आहे? उत्तर पाठ करायचं, चेक्स अँड बॅलन्सेस. मी बोर्डावर तीन खाने काढले, काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, कोर्ट, बाण काढले, व्हेटो सांगितला, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच ते मान हलवणं सुरू. आणि काकू मागून म्हणाल्या, "म्हणजे चेकवर दोन सह्या?"

मी म्हटलं, काकू, पुढे या आणि सांगा.

त्या पुढे आल्या. म्हणाल्या, "मी सरपंच होते ना, तरी ग्रामपंचायतीच्या खात्यातनं मला एकटीला रुपया काढता येत नव्हता. ग्रामसेवकाची सही लागायची. त्याला एकट्याला पण येत नव्हता. आणि दोघांनी मिळून गडबड केली तर ग्रामसभेत बाया उठून विचारायच्या, पैसं कुठं गेलं? आणि लईच झालं तर अविश्वास ठराव." आणि मग माझ्या हातातला मार्कर घेऊन त्यांनी माझ्या बाणांच्या खाली दोन सह्या काढल्या, एक मोठी, एक बारकी.

मंडळी, नऊ वर्षं मी हा विषय शिकवतेय, माझ्या बाणांनी जे झालं नाही ते त्या दोन सह्यांनी झालं. मी शिकवताना असं धरून चालले होते की ह्यांना नागरिकशास्त्र येत नाही, मला येतं. ज्या बाईने बायकांच्या राखीव जागेवर निवडून येऊन पाच वर्षं गाव चालवलं तिला लोकशाही काय मी शिकवणार? तिला फक्त इंग्रजी शब्द हवे होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक धडा उलटा सुरू करते, आधी तुमच्याकडे काय होतं ते सांगा, मग त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी सांगते. राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते हा प्रश्न होता बघा जुन्या यादीत, उत्तर "वी द पीपल". मी आता आधी विचारते, आपल्या उद्देशिकेची सुरुवात काय? आणि अख्खा वर्ग एका सुरात, "आम्ही, भारताचे लोक". १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेले तीन शब्द, त्यांना परत पाठ करायला लागतच नाहीत.

गुलामगिरीच्या प्रश्नांचंही तसंच. लिंकनच्या जाहीरनाम्याने काय झालं, तर बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त केलं, हे वाचून आम्ही पुढे जात होतो, तेवढ्यात नागपूरकडचे एक निवृत्त मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, महात्मा फुल्यांनी १८७३ साली त्यांचं "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, गुलामांना मुक्त केलं म्हणून. मग बाबासाहेबांचा विषय निघाला, ते इथून तासाभरावर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते १९१३ ते १९१६. त्या दिवशी लायब्ररीच्या ताईने लाइट मालवले तेव्हा आम्ही उठलो. आणि एका मावशींनी फार बरोबर विचारलं, ह्या १२८ मध्ये आपली माणसं कुठं आहेत? तेव्हा मी भगतसिंग थिंद यांचं सांगितलं, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस इथला नागरिक होऊ शकत नाही. १९४६ च्या कायद्याने दार उघडलं. पुढे दलीप सिंग सौंद नागरिक झाले आणि १९५६ साली थेट काँग्रेसवर निवडून गेले. परीक्षेला हे विचारत नाहीत, पण आपण ज्या रांगेत उभे आहोत ती कुणी लावली हे कळायला नको?

एक गोष्ट मात्र मला टोचते. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची अट नाही, प्रश्नोत्तरं दुभाषा घेऊन मराठीत देता येतात. ६५ च्या पुढे आणि २० वर्षं झाली असतील तर यादी पण छोटी, २० प्रश्नांची. चांगलंय. पण आपले आईवडील येतातच साठीला, त्यांची वीस वर्षं कधी भरणार? ज्याला इंग्रजी शिकणं सगळ्यात जड त्यालाच ते पूर्ण द्यावं लागतं. पहिल्यांदा नाही जमलं तर ६० ते ९० दिवसांत आणखी एक संधी मिळते, घाबरू नका, एवढं नक्की सांगते.

आणि सगळ्यात शेवटी शपथ. तिच्याबद्दल इंटरव्ह्यूतच एक प्रश्न येतो, विल यू बेअर आर्म्स? बेअर म्हणजे अस्वल हे नातवाच्या पुस्तकातून माहीत, आर्म म्हणजे हात, मग अस्वलाचा हात कशाला? मी सांगते, कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का असं विचारतायत. तेव्हा आमच्यातले एक वारकरी काका गप्प झाले. म्हणाले, मी माळकरी आहे, मी हत्यार कसं हातात धरू? आता बघा, न कळता त्यांनी येस म्हणून टाकलं असतं. श्रद्धेमुळे जमत नसेल तर तसं सांगून शपथेतला तो भाग वगळायची सोय आहे, वकिलाला विचारून, आपल्या तोंडाने नीट सांगता आलं पाहिजे. काकांनी त्या एका वाक्यावर सहा आठवडे मेहनत घेतली.

शपथेत दुसरा शब्द आहे "रिनाउन्स". म्हणजे आधीच्या देशाची निष्ठा सोडणं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इथं शपथ घेतली की तिथलं नागरिकत्व जातं, पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, येता-जाता येतं, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी हे कधीही गोड करून सांगत नाही. त्या दिवशी वर्गात कुणीतरी रडतंच. दोन जणांनी तर हे ऐकून अर्जच केला नाही, ग्रीन कार्डावरच राहिले, आणि मला त्यांचा तेवढाच अभिमान आहे.

सरपंच काकू मात्र पास झाल्या, शपथ झाली. मागच्या महिन्यात त्या परत क्लासला आल्या, हातात एक पाकीट. ज्युरी ड्युटीचं, म्हणजे कोर्टात इतर नागरिकांबरोबर बसून खटल्याचा निकाल द्यायच्या कामाचं, बोलावणं आलं होतं. मुलगा म्हणाला होता, आई, जाऊ नको, आपण काहीतरी लिहून कळवू. काकू म्हणाल्या, "मी वाचून दाखवते, चुकलं तर सांग." आणि बोट ठेवून, एकेक ओळ, कोर्टाचा पत्ता, तारीख, वेळ, सगळं वाचलं. दोन ठिकाणी अडल्या, दोन्ही वेळा स्वतःच परत वाचलं. मग मला विचारलं, "ग्रामपंचायतीत बहुमत चालायचं. इथं कसं?"

मी म्हटलं, फौजदारी खटला असेल तर सगळ्यांचं एकमत लागतं.

"सगळ्यांचं?" काकूंनी कागदाची नीट घडी घातली. "मग वेळ लागणार. डबा न्यायला पाहिजे."