रॉथ्कोचा उडालेला लाल

श्रोतेहो, नमस्कार. लाल साडी भर उन्हात वाळत टाकू नये, हे तुम्हाला कुणी रेडिओवरून सांगायला नको. हार्वर्ड विद्यापीठाला मात्र ते कुणीतरी सांगायला हवं होतं.

आजचा विषय मार्क रॉथ्को, अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार, म्हणजे ओळखीच्या आकारांऐवजी रंगांतून भावना मांडणारा. हे बिरुद त्याला स्वतःला मुळीच आवडत नसे. जन्म 1903चा, द्विन्स्क गावातला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते लाटव्हियात आहे. दहाव्या वर्षी तो अमेरिकेत आला, पुढे येल विद्यापीठ अर्धवट सोडून न्यूयॉर्क गाठलं. बरीच वर्षं माणसं, भुयारी रेल्वेची स्थानकं, पुराणकथा रंगवल्या आणि 1950च्या सुमारास तो धूसर कडांच्या मोठमोठ्या आयतांवर येऊन थांबला. 1970 मध्ये गेला. चरित्र एवढं पुरे, कारण खरी गंमत त्याच्या रंगांत आहे.

रॉथ्को रंग कसा लावायचा? आधी सरस गरम करून त्यातच रंगाची पूड कालवायची आणि तो पातळ थर कॅनव्हासला पाजायचा. त्यावर टर्पेंटाइनने पाण्यासारखा पातळ केलेला रंग, एकावर एक. काही थरांत राळ, काही थरांत चक्क फेटलेलं अख्खं अंडं. अंड्याचा थर चकाकतो, नुसता टर्पेंटाइनचा मंद राहतो, म्हणून एकाच काळ्यात दोन काळे दिसतात. वर वॉर्निश नाही. हे लक्षात ठेवा, वॉर्निश नाही. पुढे यावरच सगळं अडणार आहे.

जाता जाता एक. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना ‘भारताचे रॉथ्को’ म्हणायची फॅशन आहे. आम्हाला ती मान्य नाही. नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा माणूस रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, रंग चढवायचा, उतरवायचा. पद्धतच वेगळी. ओळख करून द्यायला परदेशी नाव कशाला लागतं?

असो. तर हार्वर्ड. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या होलिओक सेंटर या नव्या इमारतीसाठी रॉथ्कोने मोठी भित्तिचित्रं केली. रंगवली सहा, लावली पाच. उंची नऊ फुटांच्या आसपास, रंग गडद किरमिजी. जागा दहाव्या मजल्यावरचं भोजनगृह आणि खिडक्या मोठाल्या. पडदे ओढलेले असावेत, असं ठरलं होतं. पण जेवायला येणाऱ्यांना बाहेरचा देखावा हवा. पडदे उघडे राहिले, ऊन आत येत राहिलं.

तो किरमिजी त्याने केला होता दोन रंगांतून. एक अल्ट्रामरीन, म्हणजे पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ. दुसरा लिथॉल रेड, छपाईच्या शाईत चालणारा स्वस्त लाल. नीळ उन्हाला दाद देत नाही. लिथॉल रेडचा रेणू मात्र प्रकाशाने तुटतो आणि रंग जातो. म्हणजे लाल उडाला, निळा उरला. पानाच्या टपरीवरचं वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं पोस्टर निळसर झालेलं तुम्ही पाहिलंच असेल, तसंच. वर खाण्यापिण्याचे डाग, खुर्च्या-टेबलांचे धक्के. 1979 मध्ये चित्रं उतरवून कोठारात ठेवली गेली. सगळा दोष पडद्यांवर टाकणं सोपं आहे. आमच्या मते निम्मा दोष रॉथ्कोचा. टिकाऊ लाल बाजारात मिळत होते.

मग पुन्हा रंगवून का टाकलं नाही? कारण तेच, वॉर्निश नाही. वॉर्निशवर केलेली दुरुस्ती उद्या पुसून काढता येते. इथे नवा रंग थेट जुन्या थरात मुरला असता, परत निघाला नसता आणि ती चकाकी-मंदपणाची वीणही गेली असती.

उपाय निघाला तो प्रकाशाचा. हार्वर्डचे संवर्धक, म्हणजे चित्रांची डागडुजी आणि निगा पाहणारे, आणि एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठाचे शास्त्रज्ञ एकत्र आले. त्यांत नारायण खांडेकर आणि मूळचे नाशिकचे, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले रमेश रासकर ही दोन नावं ऐकून तुमचे कान टवकारले असतील. आधी मूळ रंग कोणता हे ठरवायचं. 1964चे रंगीत फोटो होते, पण तेही विटलेले. स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठात संगणकावर आधी त्या फोटोंचे रंग सावरले. पडताळ्याला कामी आलं न लावलेलं सहावं चित्र. त्याने ते ऊन पाहिलंच नव्हतं.

मग आजच्या चित्राचा फोटो घ्यायचा, मूळ रंगाशी ताडायचा आणि प्रत्येक ठिपक्याला नेमका किती रंग कमी पडतो ते काढायचं. सुमारे वीस लाख ठिपके. तेवढाच रंग प्रोजेक्टरने त्या-त्या जागी टाकायचा. जिथे निळा वर आलाय तिथे लाल प्रकाश जास्त, निळा कमी. खोलीतले बाकी दिवे मंद ठेवावे लागतात, नाहीतर पांढरा उजेड सगळं धुऊन टाकतो. प्रोजेक्टर जरासा हलला तरी रंग कडेबाहेर सांडतो. कॅनव्हासला मात्र कशाचाही स्पर्श नाही. पुन्हा सांगतो, कॅनव्हासवर नवा रंग एक थेंबही नाही. मध्ये हात धरला, तर हाताच्या सावलीत खरं, विटलेलं चित्र दिसतं.

नोव्हेंबर 2014 मध्ये हार्वर्डच्या कला संग्रहालयात हे प्रदर्शन उघडलं आणि पुढच्या जुलैपर्यंत चाललं. संग्रहालय बंद व्हायचं पाचला. पण रोज चार वाजता प्रोजेक्टर बंद करत. किरमिजी जायचा, भिंतीवर फिकट निळे डाग उरायचे. शेवटचा तासभर लोकांनी तेच पाहायचं.

सीग्रॅमच्या चित्रांचं सांगायचं राहिलंच. 1958 साली न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी घेतलेलं ते काम रॉथ्कोने तिथे एकदा जेवून आल्यावर सोडून दिलं, पैसेही परत केले. त्यांतली नऊ चित्रं लंडनच्या टेट संग्रहात आहेत. कधी गेलात, तर खोलीत उजेड कमी म्हणून कुरकुरू नका. डोळे सरावू द्या, मग जवळ जा. रॉथ्को अंतर सांगायचा अठरा इंच. नमस्कार.