मूल थांबते, तेव्हा काय मोजले जाते?

एका लहानशा खोलीत टेबलावर खाऊ ठेवलेला आहे आणि समोर बालवाडीच्या वयाचे एक मूल बसले आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत हा प्रयोग मांडला. मुलाने ठरलेली खूण करून मोठ्या माणसाला बोलावले, तर कमी आवडीचा खाऊ मिळे आणि मोठा माणूस आपणहून परत येईपर्यंत धीर धरला, तर जास्त आवडीचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली, तर ते नजरेआड असताना ११ मिनिटांहून अधिक. कुणी हातांनी डोळे झाकून घेतले, कुणी गाणी म्हटली, तर कुणी चक्क झोपायचा प्रयत्न केला.

पुढे एका मार्शमॅलोऐवजी (मऊ, गोड मिठाई) दोन, या रूपात हा प्रयोग जगभर गाजला आणि घड्याळातली मिनिटे म्हणजेच मुलाचा आत्मसंयम, असे सर्रास मानले जाऊ लागले.

अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी मार्शमॅलो पुढे ठेवण्याआधी मुलांना चित्र रंगवायला बसवले. हाताशी वापरून झिजलेले खडू होते. थोडा वेळ थांबल्यास नवे, छान रंगसाहित्य मिळेल, असे सांगण्यात आले. १४ मुलांना ते खरोखर मिळाले. उरलेल्या १४ मुलांकडे संशोधक रिकाम्या हाताने परतले आणि जुन्याच खडूंवर भागवायला सांगितले. स्टिकरच्या बाबतीतही तसेच घडले. त्यानंतर मार्शमॅलो आला, तेव्हा ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, तर दुसऱ्या गटातली केवळ ३ मिनिटे. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोनदा फसवणूक झालेल्या मुलाने हाती आलेला खाऊ तोंडात टाकला, तर त्याला उतावीळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच बक्षीस आणि वचन दोन्ही बाजूला ठेवणारी 'दिवस-रात्र' चाचणी महत्त्वाची ठरते. चंद्र-चांदण्यांचे कार्ड दिसले की 'दिवस' म्हणायचे आणि सूर्याचे दिसले की 'रात्र'. नियम समजलेला असूनही चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून चंद्र पाहताच 'रात्र' निसटते. अॅडेल डायमंड आणि सहकाऱ्यांनी कार्ड दाखवल्यावर एक छोटेसे गाणे म्हणून उत्तर देण्याआधी मुलांना थोडा अवधी मिळवून दिला. तेव्हा त्याच वयाची मुले कितीतरी अधिक वेळा बरोबर उत्तर देऊ लागली.