चुना जमिनीत, कॅल्शियम मण्यात?

नमस्कार, द्राक्ष बागायतदार मित्रांनो.

उद्या बागेत शिराल तेव्हा वेलीचं खालचं, जुनं पान हातात घ्या. शिरा हिरव्या, पण मधली जागा कडेकडून पिवळी पडत आत सरकतेय? मग वेल मॅग्नेशियम मागतेय. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. ते कमी पडलं की वेल जुन्या पानातलं काढून कोवळ्याला देते. पिवळेपणा शेंड्याकडे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चुनखडीच्या जमिनीत ती बहुधा लोहाची तक्रार असते.

माती परीक्षणात मॅग्नेशियम पुरेसं, तरी पान पिवळं, असंही होतं. अशा वेळी आधी पालाश, म्हणजे पोटॅश, किती दिलं ते आठवा. जादा पालाश मुळापाशी मॅग्नेशियमची वाट अडवतं. आणखी पोती ओतण्याआधी फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ तपासून घ्या. माती काय बाळगून आहे ते माती सांगते. वेलीच्या पोटात काय गेलं ते देठच सांगतो.

कॅल्शियमची तऱ्हा उलटी. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथं पोचलं तिथंच मुक्काम ठोकतं. पानं पाणी जास्त उडवतात, म्हणून मोठा वाटा त्यांचाच. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागले, की मण्याकडची ही वाट जवळपास बंद होते. त्यामुळे जे पोचवायचं ते मणी हिरवे, कडक असतानाच. त्या दिवसांत वेलीला पाण्याचा ताण पडला, तर चुनखडीत उभी असलेली बागही मण्यात कॅल्शियमला मुकते.

जमिनीत काय घालायचं ते सामू, म्हणजे मातीचा पीएच, ठरवतो. आम्ल जमिनीला डोलोमाइट चालतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात. चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यानं सामू वाढत नाही. मातीवर आम्लाचे थेंब टाकताच ती फसफसली, तर चुना आहेच, वर आणखी कशाला?

एक चूक माझी सांगतो. मजूर कमी होते म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत दाट कालवलं. तळाशी पांढरा गाळ बसला. तो जिप्समच! दोन दिवस ड्रिपर टाचणीनं टोकरत बसलो. आता एक सोमवारी सोडतो, दुसरं गुरुवारी, आणि मधे नुसतं पाणी.